सांडलेल्या कवड्यांचा धनी

आमचं मूळ गाव निपाणीच्या अलीकडं, तंबाखूच्या पट्ट्यातलं, नाव सांगून काय उपयोग, तुमी कुठं जानार हाय तिकडं ताई. घरात मराठी, शाळेत कानडी, बाजारात दोन्ही. बा शिलाई करायचा आनि आई कवड्या टाकायची. यल्लव्वाच्या नावानं सात कवड्या, आईला तिच्या आईनं दिलेल्या, हळदीत राहून राहून पिवळ्या झालेल्या, त्या वंजळीत धरायच्या, हलवायच्या आनि पाटावर सोडायच्या. तोंड वर आलं तर उघडी, पाठ वर आली तर पालथी. उघड्या जास्त पडल्या तर काम हुतंय, पालथ्या जास्त पडल्या तर थांबा. सातच्या सात उघड्या म्हंजे देवी हसली. आनि सातच्या सात पालथ्या म्हंजे दार बंद, त्यावर आई काई बोलायची न्हाई, कवड्या गोळा करायची आनि समोरच्या मानसाला तांब्याभर पानी द्यायची. मी ल्हान असताना एकदा विचारलं, आई, दार बंद म्हंजे काय, तर म्हनाली, गप जेव. दार बंद म्हंजे मरन, ते मला त्या जेवनातच कळलं.

आईचे नेम लई कडक. एका सवालाला एकदाच टाकायचं, मनासारखं आलं न्हाई म्हनून परत टाकायचं न्हाई, परत टाकलं म्हंजे देवीला तू खोटी हाईस म्हनल्यासारखं हुतंय. घरच्या मानसासाठी टाकायचं न्हाई, आपल्या मानसाकडं हात वळतो म्हनून. आनि सांडलेली कवडी, हे सगळ्यात वाईट बगा. कुनी काई विचारायच्या आधीच कवड्या हातातनं सांडल्या तर ते बी उत्तरच असतंय, फकस्त त्याला सवाल नसतोय. त्याचा धनी कुनीतरी असतोय, त्यो हुडकायला लागतोय. धनी म्हनतोय, ही माझी, की ते त्याच्या अंगावर जातंय आनि बाकीचे सुटतात. जो पयला म्हनंल त्याची, मागनं दुसऱ्यानं म्हनून चालत न्हाई. आनि कुनीच न्हाई म्हनलं तर ते घरातच फिरत ऱ्हातंय. आईच्या हातनं उभ्या जल्मात कवडी सांडली न्हाई, पन ती आमाला हे सांगून ठेवायची, जशी विंचू चावला तर काय करायचं ते सांगून ठेवतात तसं.

मी बेंगळूरला आलो तवा मिशा फुटत हुत्या. जयनगरात एका टेलरकडं काज-बटनाला लागलो, मंग ब्लाउज, मंग प्यांट, मंग बनशंकरीत भाड्याच्या खोलीत स्वताचं मशीन. दुकानात समदे अण्णा, अक्का, स्वल्प बेगा माडी अण्णा, म्हंजे जरा लवकर करा, लगीन हाय घरात, असं करत करत माझी मराठी बी अर्धी कानडी झाली, तुमी पुन्याच्या, तुमाला हसू येत असंल. आई गेली, कवड्या माझ्याकडं आल्या, मला भैन न्हाई ना. मंगळवारी आनि शुक्रवारी सकाळी घरी टाकायचो, बाकीचे दिवस शिलाई. लोक यायचे. पोराला नोकरी लागंल का, जागा घेऊ का, हरवलेली बांगडी घरात हाय का भाईर, असले सवाल. मी सांगायचो, लोक फुलं ठेवून जायचे. भीती म्हनून कवा वाटली न्हाई मला. ज्याचा सवाल त्याची भीती, टाकनाऱ्याला कशाला.

बायको गेली तवा शैला कॉलेजात हुती, माझी एकच लेक. ती शिकली, कंप्युटरच्या कंपनीत लागली, तिथंच जावई भेटला, अमेय, पुन्याचा. चांगला पोरगा, मला अप्पाच म्हनतो, इथंच आमी सगळे एका घरात ऱ्हातो, तुमच्या खालच्या मजल्यावर, तुमाला ठाऊकच हाय. शैलाला पयल्यांदा दिवस गेले ते सहाव्या म्हयन्यात गेलं. पोरगी भिताडाकडं तोंड करून पडून ऱ्हायची. मी टाचन्या लावत मशीनपाशी बसायचो, बोलायचं काय, बाप मानूस. मंग दोन वर्सांनी परत दिवस गेले. आनि काय सांगू ताई तुमाला, तवापासून ते बाळ हातात येईपर्यंत, आनि आता बी, मी सुखानं श्वास घेतल्याला न्हाई. आता पाच म्हयनं जातील, आता सात जातील, एवढंच माझ्या डोक्यात. ते लेकरू जगावं आनि माझी लेक त्यातनं उठावी, दुसरं काई नगं हुतं मला.

त्याच्या आधीपासूनच माझा उजवा हात हलायला लागला हुता. पयला अंगठाच, बिडी वळल्यासारखा आपला आपला फिरायचा. सुईत दोरा जाईना, मी म्हनलं डोळं गेलं, चष्मा बदलला. मंग सगळा पंजा. कुनाला दिसू नये म्हनून मांडीखाली दाबून बसायचो. पन कवड्या टाकताना कुठं दाबनार. एका शुक्रवारी कमलक्का म्हनून बाई आली, जुनं गिऱ्हाईक, तिनं पोरीच्या लग्नाचं विचारलं, मी कवड्या उचलल्या आनि हात असा थडथडायला लागला की कवड्या वंजळीतच वाजायला लागल्या. बाई उठून उभी ऱ्हायली, हात जोडले, अम्म बंदळु, अम्म बंदळु, म्हंजे देवी आली म्हनायला लागली, डोळ्यांत पानी. आनि मी बोललो न्हाई की अक्का, देवी न्हाई, माझा हात बिघडलाय. बोललो असतो बी, पन मलाच ठाऊक न्हवतं ना. आईच्या हातात देवी आली असंल तर माझ्या का येऊ नये, असं बी वाटायचं. पन देवी आली तर मानसाला बरं वाटाया पायजे, मला तर तसं काई वाटत न्हवतं. कमलक्कानं दहा जनींना सांगितलं. गर्दी वाढली. लोक कवड्या बघायचे सोडून माझ्या हाताकडं बघायला लागले.

अमेयच्या नजरेतनं काई सुटत न्हाई, पन त्यानं ते माझं वय झालंय असं धरलं. म्हनाला, अप्पा, तुम्हाला त्रास होतोय टाकायला, मी कंप्युटरवर करून देतो, एक बटन दाबायचं, कवड्या पडतील. मी म्हनलं, पडतील म्हंजे कोन पाडनार. तर म्हनाला, रँडम असतं अप्पा, हातानं टाका नाहीतर मशीननं टाका, शेवटी दोन्ही रँडमच ना. मला त्यातलं काई समजलं न्हाई, पन पोरगा मायेनं करतोय, न्हाई कसं म्हनू. त्यानं माझ्या कवड्यांचे फोटो काढले, एकेकीचे, त्या पाटावर पडतात तो आवाज बी भरून घेतला. आनि म्हनाला, अप्पा, नाण्यासारखं हे अर्धं-अर्धं नसतं, कवडीची पाठ गोल, पोट सपाट, तुमच्या कवड्यांची काहीतरी सवय असेल ती मला मशीनमध्ये घालायला हवी. म्हनून एका रविवारी मला बसवलं आनि म्हनाला, नुसतं टाका, काही विचारू नका, मी मोजतो. मी टाकत ऱ्हायलो, तो बघून भरत ऱ्हायला. आईनं बघितलं असतं तर पाट उचलून डोक्यात घातला असता. सवाल नसताना टाकायचं, ते बी इतकं. पन मी म्हनलं, ह्यो काई कौल न्हवं, ही तर मोजमापं, गिऱ्हाइकाच्या अंगाची घेतो तशी. दुपारपर्यंत हात लई थकला, उसळून टाकायची ताकद ऱ्हायली न्हाई, मी आपला कसंबसं वंजळीतनं खाली सोडत हुतो. तेच सगळं मशीनमध्ये गेलं.

मशीन झालं झकास. काचेवर माझाच पाट, माझ्याच कवड्या, खळ्ळ असा आवाज. लोकांना बी आवडलं, तरनी पोरं तर म्हनायची, अंकल, कंप्युटरवरच टाका. मी बटन दाबायचो आनि सांगायचो. पन एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मनासारखं आलं न्हाई की लोक म्हनायचे, परत दाबा ना. माझ्या हाताला कवा कुनी म्हनलं न्हाई परत टाका म्हनून. मशीनला म्हनायला कुनाची जीभ अडखळत न्हवती.

आता त्या दिवसाचं सांगतो. मंगळवार, सकाळची वेळ, गिऱ्हाईक अजून कुनी आलं न्हवतं. मी देव्हाऱ्यापाशी बसून कवड्यांना हळद लावत हुतो, मशीन असलं तरी मंगळवारची हळद चुकवत न्हवतो. शैलाला आठवा म्हयना. ती चहा घेऊन आली, समोर वाकून कप ठेवत हुती, पोट पुढं आलेलं, एक हात कमरेवर, आनि माझा हात उडाला. उडालाच, दुसरा शब्द न्हाई. सातच्या सात कवड्या फरशीवर, तिच्या पायापाशी. आनि मी बघितलं. बघायचं नसतंय पन डोळा जातोच ना. सात पालथ्या. एक सुद्धा उघडी न्हाई. मी टॉवेल टाकला त्यावर, लगेच, म्हनलं, जा बाळ, तू बस जा, वाकू नगं. ती म्हनाली, काय झालं अप्पा. काई न्हाई, हळद सांडली. ती गेली आत. मला वाटलं तिनं काई बघितलं न्हाई. माझा चहा तसाच गार झाला.

मंग मी धनी हुडकायला निघालो. हसू नगा ताई. त्या दिवशी मी तुमच्या बी दारात आलतो, तुमाला वाटलं असंल ह्यो म्हातारा साखर मागायला आला. मी विचारलं हुतं, तुमच्या मनात काई हाय का, कसला सवाल, कसली काळजी, आठवतंय का. तुमी म्हनाला, न्हाई हो काका, सगळं मजेत. मी सगळ्या बिल्डिंगीत फिरलो, वॉचमनला विचारलं, इस्त्रीवाल्याला विचारलं, येनु अज्जा, काय आजोबा, म्हनून तो माझ्याकडं बघतच ऱ्हायला. येलहंकाला माझा मावसभाऊ हाय, त्याला फोन लावला, बाबा, तुझं काई हाय का रे, दवाखान्याचं, कोर्टाचं. त्यो म्हनाला, देवाच्या दयेनं काई न्हाई. बगा, एरवी ज्याला त्याला शंभर तक्रारी, आनि त्या दिवशी सगळं जग सुखात. कुनी म्हनंना की ही माझी. आनि मी तरी लगेच का म्हनलो न्हाई, ते बी सांगतो. धनी खराच कोन हाय ते कळल्याशिवाय म्हनून चालंल का न्हाई, आनि म्हनलं आनि लागू झालं न्हाई तर वेळ हातातनं जाईल, अशा विचारात मी भिऊन बसलो. आनि खरं सांगू का, मरायची बी भीती वाटली. नातवंड बघायचं हुतं हो मला.

दोन-तीन दिवस असे काढले. शैला जिना उतरली की माझा जीव खाली जायचा. मंग एका दुपारी घरात कुनी न्हवतं, मी मशीनसमोर बसलो. घरच्यासाठी टाकायचं न्हाई हा नेम हाताला हाय, मी म्हनलं मनाशी, ह्याला कुठं हात हाय, ह्याला कोन आपलं कोन परकं. पोटाशी हात धरून सवाल केला, लेक आनि लेकरू दोघं सुखरूप सुटतील का. बटन दाबलं. खळ्ळ. पाच पालथ्या. मी घाबरलो. आनि ज्या गोष्टीवरनं मी लोकांना मनात हसत हुतो तेच केलं, परत दाबलं. सहा पालथ्या. परत. चार. परत पाच. अरे देवा, एकदा तरी उघड की. दाबत गेलो, दाबत गेलो, आनि मंग सात. सातच्या सात पालथ्या, काचेवर, फरशीवर पडल्या हुत्या तशाच, आनि तोच माझ्या पाटाचा आवाज. मी मशीन बंद बी केलं न्हाई, तिथनं उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो. 

त्यानंतर मी शैलाला जगू दिलं न्हाई. गाडीची किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली. पपई घरात आलेली दिसली की फेकून दिली. डॉक्टरनीकडं ती निघाली की मी मागनं रिक्षा करून जायचो. ती चिडायची, अप्पा, मला ऑफिसला जायचंय, तुम्ही काय लहान मूल समजता का मला, आणि तुमचा चेहरा बघून मलाच भीती वाटते. एक दिवस लई भांडन झालं, ती रडली, मी बी रडलो. ती आत गेल्यावर अमेयनं मला गॅलरीत नेलं आनि दार लावून घेतलं. अप्पा, काय आहे ते मला सांगा, शैलाला सांगत नाही, शब्द देतो. मी सांगितलं. सांडल्याचं बी आनि मशीनचं बी. मला वाटलं हसंल. हसला न्हाई. त्यानं माझ्या हातातल्या कपाकडं बघितलं, कपातलं पानी डचमळत हुतं. म्हनाला, अप्पा, हा हात कधीपासून हलतोय.

दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरकडं नेलं, जयनगरातच. डॉक्टर तरना हुता. चाल म्हनाला, चाललो, बोटं आपट म्हनाला, आपटली, कागदावर गोल काढ म्हनाला, काढला तर त्यो मुंगीएवढा झाला. मंग विचारलं, वास येतो का. मी म्हनलं कसला वास. म्हनाला, उदबत्तीचा, कॉफीचा. आनि तवा मला उमगलं की कित्येक वर्सं मी देवापुढं उदबत्ती लावतोय आनि तिचा वास मला आलेलाच न्हाई, आनि ते माझ्या ध्यानातच न्हाई आलं. डॉक्टर म्हनाला, हा पार्किन्सन, मेंदूचं दुखनं, लई आधीपासनं असनार, गोळ्या घ्यायच्या, मरत न्हाई मानूस यानं लगेच. बाहेर आल्यावर अमेयनं मला चहा पाजला आनि समजावून सांगितलं. अप्पा, कवड्या तुमच्या हातानं सांडल्या नाहीत, आजारानं सांडल्या. आणि मशीनचं तर माझंच चुकलं, त्या रविवारी तुमचा हात थकलेला होता, तुम्ही नुसत्या सोडत होता, जास्त पालथ्या पडत होत्या, मी तीच सवय आत भरली. तुमचा आजार मी मशीनला शिकवला, अप्पा, म्हणून ते तसं बोलतं. पोरगा अगदी पडल्या तोंडानं बोलत हुता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, म्हनलं, असंल बाबा तसंच.

पन ताई, मनातली भीती गेली न्हाई. वाढली. देवीला मला काई कळवायचं असतं तर ती दुसऱ्या कशानं कळवनार हुती, हातच हलवनार ना. ज्यानं हात दिला त्यानंच आजार दिला असंल. अमेयला हे कसं सांगनार. आनि उलटं धरलं, की सगळं आजारच, तर मंग गेली कित्येक वर्सं कमलक्कासारख्या बायांना मी काय सांगत हुतो, हा विचार आला की मी तो तिथंच सोडून उठायचो. माझ्याकडं एकच भीती पुरेल एवढी जागा हुती आनि ती शैलानं भरलेली.

दिवस भरायच्या आधीच तिला इस्पितळात न्यायला लागलं, बी.पी. वाढलेलं, डॉक्टरीन म्हनाली, ऑपरेशन करून काढू, थांबायचं न्हाई. सकाळी तिला ढकलगाडीवर घालून नेलं. माझ्याकडं बघून हसली ती, अप्पा, जेवून घ्या म्हनाली. दार लागलं. दार लागलं आनि माझ्या डोळ्यांपुढं सात पालथ्या कवड्या. मंग मी मागं-पुढं बघितलं न्हाई. मरायची भीती त्या वक्ताला कुठं गेली कुनास ठाऊक. खुर्चीतनं उठलो, भिताडाला हात लावला आनि म्हनलं, यल्लव्वा, ती माझी. त्या दिवशी जे सांडलं ते माझं, त्याचा धनी मी, त्यांना दोघांना सोड. मोठ्यानं म्हनलो असनार, कारन एक नर्स थांबली, हेदरबेडी अज्जा, भिऊ नका, म्हनून मला खाली बसवून गेली. त्यानंतर किती वेळ गेला सांगता येनार न्हाई. अमेय धावत आला, अप्पा, मुलगी, दोघी छान आहेत. मी तिथंच फरशीवर बसलो, सुटलो म्हनलं, झालं काम.

तुमाला नवल वाटंल, त्यानंतरचे म्हयनं माझे लई सुखात गेले. गोळ्या घ्यायच्या, नातीला मांडीवर घेऊन बसायचं, उभं राहून घेत न्हाई मी तिला, आनि मरनाची वाट बघायची. खरंच. दार बंद झालंय ते माझ्यावर, एवढं पक्कं कळलं की मानूस हलका हुतो. शिलाईचं मशीन एका गरजू बाईला देऊन टाकलं. अमेयला सांगून ठेवलं, मला गावाकडं न्हेऊ नगा, इथंच काय ते करा, पोरीला त्रास नगं. एक दिवस शैलानं ते ऐकलं. तिची रजा संपली हुती, सकाळी डबा भरत हुती ऑफिसला जायचा. म्हनाली, अप्पा, हे काय सारखं मरायचं लावलंय, डॉक्टर तर म्हणाले गोळ्यांनी ठीक राहाल. मी म्हनलं, आता लपवून काय करायचं, सगळं चांगलं झालंय, सांगून टाकलं. कवड्यांचं, सातही पालथ्यांचं, इस्पितळात ती मी माझ्या नावावर घेतली ते. मला वाटलं रागवंल, रडंल.

ती हसली. डब्याचं झाकन लावता लावता म्हनाली, अहो अप्पा, ती तर माझी आहे.

म्हनलं, काय.

म्हनाली, मी बघितलं होतं ना त्या दिवशी, तुम्ही टॉवेल टाकायच्या आधी. सात पालथ्या. आजीच्या गोष्टी तुम्हीच सांगितल्यात मला लहानपणी. कप खाली ठेवता ठेवताच मनात म्हणून टाकलं, ही माझी. पोटातल्यावर जायला नको म्हणून. मी मानत नाही हे काही, तुम्हाला माहीत आहे, पण तेव्हा आलंच मनात, एकदा गेलेलं होतं ना माझं. मंग तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आनि हातातलं सोडून माझ्यापाशी आली. अप्पा, अहो सुम्ने म्हटलं हो मी, उगाच, असं काय करता.

मी तिला म्हनलं, परत घे ते. आत्ता म्हन, माझी न्हवं म्हन. तिनं म्हनलं, माझ्यासाठी, दोनदा म्हनलं, लहान पोराची समजूत काढावी तसं. पन परत घेता येत न्हाई ताई. आनि मी इस्पितळात भिताडाला हात लावून म्हनलो ते कितीतरी दिवस मागनं. जो पयला म्हनंल त्याची. ती लेकराची आई झाली हुती तवाच, मला कळलं न्हाई.

तर असं हाय बगा. कवड्या फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवल्यात, गिऱ्हाईक आलं तर हात जोडतो, म्हनतो, आता जमत न्हाई अक्का. कमलक्का रुसली. रुसू दे. तुमी एवढं सगळं लिहून घेतलंत, तुमची लेकरं रोज संध्याकाळी सुखरूप घरी येवोत, यापेक्षा मोठा आशीर्वाद मला आता येत न्हाई. मला विचारत हुता ना, हाताचं खरं का मशीनचं. हातानं मी आता आयुष्यात टाकनार न्हाई. पन शैला सकाळी गाडी काढते, सिल्क बोर्डच्या चौकातल्या त्या गर्दीतनं जाते, आनि तिच्या गाडीचा आवाज वळनापल्याड गेला की मी नातीला मांडीवर घेऊन कंप्युटरसमोर बसतो. अमेयनं त्याची सवय दुरुस्त केलीय म्हनतो. मी बटन दाबतो. पालथी आली, परत दाबतो. परत दाबतो. सातच्या सात उघड्या येईपर्यंत उठत न्हाई, मला ठाऊक हाय त्याला अर्थ न्हाई, आईनं बघितलं असतं तर तोंड फिरवलं असतं. कधी लवकर येतात. कधी येतच न्हाईत, आनि त्याच्या आधी तिचा फोन येतो, पोचले हो अप्पा. मी बरं म्हनतो, फोन ठेवतो, आनि परत दाबायला लागतो, कारन संध्याकाळी तिला त्याच रस्त्यानं घरी यायचं असतंय.